आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

शनिवारी फोनवर मी "आज हरीण मिळालं" म्हणाले आणि तुम्ही दोघंही गप्प झालात. मग आईने एकच विचारलं, "त्याला फार त्रास झाला का गं?" मी "नाही" म्हटलं आणि विषय बदलला. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन मोकळं व्हायला नको होतं, म्हणून हे पत्र. बाबा, तुम्हाला बारीक अक्षर त्रास देतं म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय.

इथे मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा मोसम १ ऑक्टोबरला सुरू होतो. तेव्हापासून मी आठ संध्याकाळी जाऊन बसले आणि आठही वेळा रिकाम्या हाताने परतले. जागा एका शेतकरी आजोबांची आहे. मक्याच्या शेताला लागून ओकची राई आहे, त्यात एक पांढरा ओक आहे. त्याचं फळ लाल ओकपेक्षा कमी तुरट असतं, त्यामुळे ते गळायला लागलं की हरणं मका सोडून तिथे येतात. मी त्या झाडापासून चौदा पावलांवर, उताराच्या खालच्या अंगाला, दुसऱ्या झाडावर बारा फूट उंच बसते. आई, अंगाला पट्टे बांधून झाडाला अडकवलेले असतात, पडायची भीती नाही.

खालच्या अंगाला का, तर वाऱ्यासाठी. ऊन उतरलं की हवा गार होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली वाहू लागते. हरणाला माणसाचा वास लागला की संपलं, म्हणून हरणाकडून आपल्याकडे येणारी हवा हवी. माझ्याकडे भुकटीची छोटी बाटली असते. ती दाबली की चिमूटभर धूळ उडते आणि हवा कुठे चाललीये ते दिसतं. शनिवारी साडेपाचपर्यंत ती धूळ गोल गोल फिरत होती. मग एकदम सरळ माझ्या मागे, दरीकडे गेली. तेव्हा मनाने घेतलं की आज काहीतरी होईल.

बसणं हाच या कामाचा मोठा भाग. वाळलेल्या पानांतून खार पळाली तरी माणूस चालत आल्यासारखा आवाज होतो. हरणाची चाल वेगळी असते: दोन पावलं, शांतता, मग एक पाऊल, पुन्हा शांतता. सहाच्या सुमारास एक मादी दोन पाडसांना घेऊन आली. पाडसं आता आईशिवाय जगण्याइतकी मोठी झालेली असतात आणि कायद्यानेही मला अडवलं नसतं, पण मी धनुष्य उचललं नाही. हा माझा मी घालून घेतलेला नियम आहे. ती तिघं अर्धा तास माझ्यासमोर खात होती, मग मक्यात निघून गेली.

त्यानंतर ही आली. एकटी, भरल्या अंगाची, थोराड मादी. ओकखाली थांबून तिने एक फळ तोंडात घेतलं आणि ते दाढेखाली फुटल्याचा कट् असा आवाज मला वर स्पष्ट ऐकू आला. कानाच्या कडेचे केस दिसत होते, नाकावरची ओल दिसत होती. ती समोरासमोर उभी होती तोवर काहीच करता येत नव्हतं, कारण तसा बाण मारायचा नसतो. ती थोडी पाठमोरी वळली, माझ्याकडचा पुढचा पाय तिने पुढे टाकला आणि तिचं डोकं खोडाआड गेलं. मी दोरी ओढली. मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला लागलं. माझ्या धनुष्याला नेम धरायचं कुठलंही साधन नाही, तिच्या खांद्यामागे केसांचा एक किंचित गडद झुपका होता, मी फक्त तिथे बघत राहिले. बोटं कधी सुटली ते मला आठवत नाही.

बाण आरपार जाऊन पलीकडे जमिनीत रुतला. ती उसळली, शेपटी खाली घालून पळाली, साठ-सत्तर पावलांवर थांबली, डुलली आणि खाली बसली. मी मनात आकडे मोजत होते. नऊपर्यंत पोचले तेव्हा ती आडवी झाली होती.

समोर पडलेली दिसत असली तरी लगेच खाली उतरायचं नसतं, निदान अर्धा तास थांबायचं. त्या अर्ध्या तासात मला गेलं वर्ष आठवत राहिलं. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, आज सांगते. गेल्या नोव्हेंबरात मी एका हरणावर पंचवीस पावलांवरून बाण सोडला. ते अंतर माझ्या आवाक्यातलं नव्हतं आणि ते मला माहीत होतं. बाण मागे, पोटात लागला. पिसांवर हिरवट घाण होती, वास होता. अशा वेळी आठ-दहा तास त्याच्या मागे जायचं नसतं, नाहीतर ते उठून आणखी दूर जातं. मी रात्रभर गाडीत बसून राहिले. उजाडल्यावर आजोबा आणि मी दुपारपर्यंत गुडघ्यांवर रांगत एकेक पान उलटून पाहिलं. हरीण सापडलं नाही. त्या आठवड्यात आई, तू विचारलंस आवाज असा का येतोय, आणि मी सर्दी म्हणाले होते.

त्यानंतर मी अकरा महिने रोज तीस बाण मारले. आजोबांनी लक्ष्याच्या मागे जाळी लावून दिली आणि अंतर पंधरा पावलांच्या पुढे नेऊ दिलं नाही. पंधरा पावलांवर माझे बाण बशीएवढ्या जागेत पडायला लागले, तेव्हाच या वर्षीचा परवाना काढला.

खाली उतरून बाण काढला. पिसांवर फिकट गुलाबी, फेसाळ रक्त होतं. ते फुप्फुसाचं असतं. मला तिथेच रडू आलं.

तर आई, उत्तर असं आहे. काहीतरी लागलं हे तिला कळलं, म्हणून ती पळाली. काय लागलं ते कळलं नसावं, कारण थांबल्यावर तिने मागे वळून ओकच्या झाडाकडेच पाहिलं. नऊ सेकंद. त्रास झाला नाही असं मी म्हणणार नाही. नऊ सेकंदांइतका झाला.

तुम्ही विचाराल, हे चालतं कसं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आणली, ते योग्यच झालं. इथली गोष्ट निराळी आहे. १९००च्या आसपास बाजारात विकायला मारून मारून या देशातली पांढऱ्या शेपटीची हरणं जवळपास संपवली होती. मग विक्री बंद झाली, मोसम आणि परवाने आले, आणि १९३७ साली बंदुका-काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला जोडला गेला. धनुष्यबाणावर ११ टक्के कर लावून तोही त्याच कामाला देण्याचा कायदा झाला १९७२मध्येच. आता हरणं कोट्यवधी आहेत. लांडगे या भागातून केव्हाच गेले, आणि एकट्या मिशिगनमध्ये गाडीखाली हरीण येण्याच्या घटना वर्षाला पन्नास हजारांच्या वर जातात. इथलं शिकारीच्या सुरक्षिततेचं शिक्षण मी पूर्ण केलंय. हरीण पडल्यावर जागेवरच त्याला परवान्याचा टॅग बांधला आणि ७२ तासांत ऑनलाइन नोंद करायची असते ती त्याच रात्री केली. साफ करायला आजोबांनी मदत केली, आतडं न फुटू देता पोट कसं उघडायचं ते मला अजून नीट जमत नाही. अर्धं मांस त्यांच्याकडे दिलं, अर्धं माझ्या फ्रीजरमध्ये आहे. दुकानातून मांस आणणं मी गेल्या महिन्यात बंद केलंय.

बाबा, आता तुमच्यासाठी. धनुष्य साठ इंची रिकर्व्ह आहे, टोकं पुढे वळलेली. धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांच्या आत मेपलच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, दोन्ही बाजूंनी फायबरग्लास, एकजीव चिकटवलेलं. तुम्ही हातात घेतलंत तर जोड शोधत बसाल. ओढ ४५ पौंडांची, म्हणजे साधारण वीस किलो, ती सगळी तीन बोटांवर येते. टोकांना कप्प्या (पुली) लावलेल्या कंपाउंड धनुष्याचं पेटंट १९६९चं. त्यात पूर्ण ताणल्यावर भार एकदम उतरतो आणि नेम धरून थांबता येतं. माझ्यात थांबता येत नाही, म्हणूनच जवळ जावं लागतं, आणि मला ते जवळ जाणंच हवं आहे. फायबरग्लास लावलेली धनुष्यं घरोघरी पोचवण्यात फ्रेड बेअर यांचा मोठा वाटा होता. १९३३ साली त्यांनी डेट्रॉइटमध्ये कंपनी काढली, पुढे १९४७मध्ये कारखाना याच राज्यातल्या ग्रेलिंगला नेला. त्याआधी ते डेट्रॉइटला पॅकार्ड मोटारींच्या कारखान्यात पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवणारे कारागीर, होते. तुमचाच धंदा. हे वाचलं त्या दिवशी तुम्हाला फोन लावला होता, पण तुम्ही झोपला होतात.

आणखी एक. निघताना मी तुमच्याकडून पटाशांना धार लावायचा तो तेलाचा दगड मागून घेतला होता, स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी म्हणून. बाणाच्या पात्याला मी त्याच दगडावर धार लावते. मनगटावरचे केस विनासायास निघेपर्यंत, तुम्ही पटाशी तपासायचात तसं. पातं बोथट असेल तर नऊ सेकंदांचे किती होतात ते सांगवत नाही. न सांगता वापरला, त्याबद्दल रागावू नका. तो आता मधोमध खोलगट झालाय आणि पात्याची कड गोल व्हायला लागलीये. तो परत सपाट करायला तुम्ही काचेवर वाळू घेऊन घासायचात ना? वाळू केवढी बारीक लागते, आणि घासताना पाणी घालायचं की तेल, ते रविवारी फोनवर सांगा. मी कागद-पेन घेऊन बसेन.

तुमची,
लेक