निधी वाढेल, परावलंबन घटेल का?

संरक्षण खर्च २०२७ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेण्याच्या ब्रिटनच्या निर्णयाचे स्वागत करणारा अग्रलेख वाचला. खर्च वाढवणे गरजेचे आहेच. पण तेवढ्याने अमेरिकेवरची भिस्त कमी होईल, हे पटत नाही. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांसाठी अर्जेंटिनाशी झालेल्या युद्धात ब्रिटनने शंभरहून अधिक जहाजे आठ हजार मैलांवर धाडली होती. पण २०२१ मध्ये ‘क्वीन एलिझाबेथ’ ही विमानवाहू नौका पहिल्या मोठ्या मोहिमेवर निघाली (त्याच फेरीत ती मुंबईलाही येऊन गेली), तेव्हा तिच्यावरच्या १८ एफ-३५ विमानांपैकी १० अमेरिकी मरीन कोरची होती. नौका स्वतःची, निम्म्याहून अधिक विमाने उसनी!

अण्वस्त्रांचे दुखणे याहून जुने. पाणबुड्या ब्रिटिश, पण ट्रायडंट क्षेपणास्त्रे अमेरिकेबरोबरच्या सामायिक साठ्यातली; त्यांची देखभाल जॉर्जिया राज्यातील किंग्ज बे तळावर होते. ती डागण्याचा हुकूम ब्रिटिश पंतप्रधानच देतात, हे खरे. मात्र वॉशिंग्टनने देखभालीतून अंग काढून घेतले तर काय, हा प्रश्न अग्रलेखात यायला हवा होता. २०२५ मध्ये ब्रिटनने १२ एफ-३५ए विमाने घेण्याचे जाहीर केले, तीही अमेरिकी बनावटीचीच.

– एक वाचक, डोंबिवली