क्रोकोडाइल फिश विकताना खरं सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा भाच्यासाठी मासे घ्यायला दुकानात गेलो तर तिथे बोटाएवढा लांब तोंडाचा मासा होता, दुकानदार म्हणे ‘क्रोकोडाइल फिश, घ्या बिनधास्त, काहीपण खातो’. काहीपण खातो हे मात्र खरंय, कारण आम्ही हाच आणलेला तेव्हा आठवड्याभरात टँकमधले सगळे गप्पी गायब, आणि हा आपला काडीसारखा वरती स्तब्ध, मधेच तोंड वर काढून गुटकन हवा घ्यायचा. वर्षात हातभर झाला, वळायला जागा नाही म्हणून नाक काचेला घासून सोलवटलं, शेवटी सिमेंटची मोठी टाकी असलेल्या ओळखीच्या माणसाला दिला.

याचं खरं नाव अ‍ॅलिगेटर गार, मूळचा अमेरिकेतला, मिसिसिपी नदी, टेक्सास वगैरे. तिथे 2011 साली एका तलावात साधारण 148 किलोचा, आठ फुटांहून लांब सापडलेला! तिकडे त्याची गरज आहे, उलट तिथेच तो कमी झालाय. इकडे मात्र मोठा झाला की लोक गुपचूप तळ्यात सोडतात, पुण्य लागेल असं वाटतं की काय देव जाणे. 2023 मध्ये भोपाळच्या तलावात आणि श्रीनगरच्या दल लेकमध्ये हाच मिळाला. अंडी विषारी, खवले दगडासारखे, आपले रोहू-कटला त्याच्यापुढे काय टिकणार?

दुकानात टँकवर ‘आठ फूट होतो’ एवढी पाटी तरी लावायची सक्ती करा, आणि ज्यांना सांभाळणं जमत नाही त्यांच्याकडून मासा परत घ्यायला दुकानदाराला भाग पाडा.

– एक वाचक, पुणे