पतसंस्थांच्या ठेवींना आधी विमा द्या

संपादक महोदय,

नागरी सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार २०२० च्या कायदादुरुस्तीने वाढले. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी (पीएमसी) बँकेच्या ठेवीदारांचे हाल पाहिल्यावर ते गरजेचेच होते. आता पतसंस्थाही राज्याकडून काढून केंद्राकडे सोपवाव्यात, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही.

मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या पतसंस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली, दिल्लीतील सहकारी संस्थांच्या केंद्रीय निबंधकांच्याच अखत्यारीत आहेत. तरीही मराठवाड्यात अशा संस्था अडचणीत आल्या आणि उसाच्या बिलातून, निवृत्तीच्या पैशातून ठेवलेल्या ठेवी अडकल्या. तालुक्याच्या उपनिबंधकांना त्यात अधिकार नाही, आणि सत्तरीतल्या ठेवीदाराने दिल्लीला खेटे घालायचे कसे? राज्याच्या कायद्याखालील संस्थांचा कारभार चोख आहे असे मुळीच नाही; तिथेही लेखापरीक्षण अनेकदा कागदावरच राहते. पण निदान दाद मागायचे कार्यालय एसटीने गाठता येते.

खरी उणीव वेगळीच आहे. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. बँकेवर निर्बंध आल्यास ती रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूदही २०२१ मध्ये झाली. पतसंस्थेत रोजची पिग्मी भरणाऱ्या भाजीवालीला यातले काहीच नाही. सहकार हा राज्यांचा विषय असल्याने सगळे दिल्लीकडे नेण्यात घटनात्मक अडचणीही आहेत. त्या वादात वर्षे घालवण्यापेक्षा केंद्र व राज्याने मिळून सर्व पतसंस्थांच्या ठेवींसाठी विमा योजना आणावी आणि मल्टिस्टेटच्या तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमावा.

– एक ठेवीदार, परभणी