कोच, त्या रात्री हेल्मेट परत न दिल्याबद्दल थँक्यू

कोच,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही हे मला माहितीये. इंग्रजीत लिहायला बसलो होतो, तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा ऑफिसच्या मेलसारखं झालं, शेवटी ‘बेस्ट रिगार्ड्स’ टाकायला हात गेला तेव्हा म्हटलं राहू दे. मराठीत लिहितो, आमचे चिरंजीव तुम्हाला वाचून दाखवतील, जेवढं त्याला कळेल तेवढं. आणि खरं सांगायचं तर यातलं निम्मं माझ्याच लोकांनी वाचावं असं वाटतंय, कारण डॅलसच्या आसपास शुक्रवारी रात्री त्या ॲल्युमिनियमच्या बाकांवर आमच्यातले आईबापही हल्ली बरेच दिसतात, आणि त्यातले काही माझ्यासारखेच ओरडत असतात.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडं सांगतो. इथे फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही, तो सॉकर. हा हेल्मेट, खांद्याला पॅड वगैरे घालून एकमेकांवर तुटून पडायचा. आणि टेक्सासमध्ये शाळेचा फुटबॉल म्हणजे काय ते बघितल्याशिवाय कळत नाही हो. आमच्या इथून जवळ ॲलन म्हणून गाव आहे, तिथल्या हायस्कूलने 2012 मध्ये 18,000 लोक बसतील असं स्टेडियम उघडलं, खर्च 6 कोटी डॉलर. शाळेचं मैदान! मी सांगली जिल्ह्यातला, आमच्या शाळेच्या मैदानात पावसाळ्यात म्हशी बसायच्या. तर असा सगळा प्रकार, बँड, चिअरलीडर, बूस्टर क्लब म्हणजे टीमला मदत करणाऱ्या पालकांचं मंडळ, नाचोज, आणि या सगळ्याच्या मधोमध एक कोच, जो सोमवार ते शुक्रवार पोरांना इतिहास शिकवतो, वेळ पडली तर बस चालवतो, आणि लागोपाठ दोन सीझन हरला की ज्याच्या नोकरीबद्दल लोक ग्रोसरीच्या लाइनीत उभं राहून बोलतात.

आमचा पोरगा लाँग स्नॅपर. म्हणजे ओणवं उभं राहून दोन पायांमधून चेंडू मागे चौदा-पंधरा यार्डांवर उभ्या असलेल्या पंटरच्या हातात नेमका फेकायचा, मग तो पंट करतो, म्हणजे लाथ मारून चेंडू समोरच्या टीमकडे लांब उडवतो. शंभर वेळा बरोबर फेकला तर कोणी नाव विचारत नाही, एकदा चुकला की सगळ्या गावाला नाव पाठ होतं. बायको म्हणते आपल्या घराण्याला साजेसं काम आहे.

तर ती ऑक्टोबरातली रात्र. आपण 17-13 ने पुढे, चौथा क्वार्टर, पंट झाली, चेंडू मागे देऊन चिरंजीव पळत सुटले, समोरच्या टीमचा पोरगा चेंडू घेऊन येत होता त्याला धरायला झेपावले, आणि त्याचा गुडघा याच्या डोक्यावर बसला. तो आवाज मला वरपर्यंत आला की नाही आता सांगता येत नाही, पण बायकोने माझा दंड धरला तिथे दुसऱ्या दिवशीसुद्धा वळ होता. दोन्हीकडची पोरं एक गुडघा टेकून खाली बसली, इथली ती पद्धत आहे, कोणाला लागलं की सगळे बसतात, बँडही थांबतो. मी बसलो नाही. मी उभा राहून त्या दुसऱ्या पोराच्या नावाने ओरडत होतो, फ्लॅग, फ्लॅग कुठाय (फाउल झाला की रेफरी टाकतात तो रुमाल), त्याला बाहेर काढा, आणि अजून एकदोन गोष्टी ज्या मी मराठीत बोललो म्हणून वाचलो.

तुम्ही मैदानात गेलात. आधी आमच्या पोराजवळ वाकलात, ट्रेनर, म्हणजे पोरांची दुखापत बघणाऱ्या बाई, त्याच्याशी बोलायला लागल्या तसे तुम्ही उठलात आणि चार पावलं चालून त्या दुसऱ्या पोराकडे गेलात. तो तिथेच उभा होता, दोन्ही हात स्वतःच्या हेल्मेटवर ठेवून, जसं काही त्यालाच लागलंय. तुम्ही त्याच्या खांद्याच्या पॅडवर हात ठेवून काहीतरी बोललात. कोच, तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता की काय सांगू. माझं पोरगं आडवं पडलंय आणि हा माणूस त्याला पाडणाऱ्याची समजूत काढतोय! तुम्ही काय बोललात ते मला नंतर चिरंजीवांकडून कळलं, आणि त्याला त्या पोरानेच मेसेज करून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तुझी काही चूक नाही, तू नीट खेळलास, पुढचा प्लेही असाच खेळ. सोळा-सतरा वर्षांचं पोर ते, कुठल्यातरी दुसऱ्याच शाळेचं. त्याच्या आईबापांनी पण वरून सगळं बघितलंच असणार, आणि माझं ओरडणं पण ऐकलं असणार.

पण पत्र त्यासाठी नाही लिहीत. त्याच्या पुढच्या दहा मिनिटांसाठी लिहितोय.

चिरंजीव स्वतःच्या पायाने चालत बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जिना उतरून खाली रेलिंगपाशी गेलो. ट्रेनर त्याला महिने उलटे म्हणायला सांगत होत्या, डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, आणि तिथे गाडी अडली, मग त्याने परत ऑक्टोबर म्हटलं. कितवा क्वार्टर चाललाय विचारलं तर तो स्कोअरबोर्डकडे बघायला लागला. मला हे सगळं दिसत होतं. तरी मी, त्याचा बाप, रेलिंगवरून वाकून म्हणालो, कोच, ही लुक्स फाइन, खेळू दे की त्याला, अजून सहा मिनिटं आहेत. आणि चिरंजीवही तेच म्हणत होते, आय ॲम गुड कोच, आय ॲम गुड.

त्याचं हेल्मेट तुम्ही काढून घेतलं होतं. ते डाव्या काखेत धरून, उजव्या हाताने ते प्ले लिहिलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड धरून तुम्ही उभे होतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “नो सर. आज नाही.” बस. ना आवाज चढवला, ना कायदा ऐकवला. आणि उरलेला सगळा सामना ते हेल्मेट तुमच्या काखेतच होतं. बाकावर ठेवलं तर पोरगं उचलून घालून पळेल हे तुम्हाला माहीत होतं, पोरांना ओळखता तुम्ही.

मग जे व्हायचं तेच झालं. दोन मिनिटं राहिली होती, परत पंट करायची वेळ आली, दहावीतलं एक बारकं पोरगं स्नॅपला गेलं, आणि चेंडू पंटरच्या डोक्यावरून मागे. समोरच्यांनी तो आपल्या गोल लाइनजवळ उचलला. 20-17. संपलं.

आता मी इथे जरा थांबून माझी एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी रेलिंगवरून ते का बोललो ते तुम्हाला कळेल. मी अकरावीत कबड्डी खेळायचो. तालुक्याची स्पर्धा, सेमीफायनल, पकडीत तिघं अंगावर आले आणि डोकं आपटलं. मला दोन-दोन माणसं दिसत होती. आमच्या सरांनी तोंडावर पाण्याचा हबका मारला, कुणीतरी कांदा फोडून नाकाला लावला, आणि मला पुढच्या चढाईला पाठवलं. त्यानंतरचा अर्धा डाव मला आजही आठवत नाही, शप्पथ. आठवतो तो एकदम हार गळ्यात पडल्यावरचा फोटो. सरांनी पाठ थोपटून “वाघ आहेस” म्हटल्याचं लोक सांगतात, मी ते तीस वर्षं कौतुकाने सांगत आलो, पार्टीत, मुलाला, सगळ्यांना. सरांवर राग नाही माझा, त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. पण खेळाडू म्हणजे काय याची माझी जी काही कल्पना होती ती त्या कांद्यावर उभी होती.

त्या रात्री इमर्जन्सीतून घरी आलो तेव्हा दोन वाजले होते. कन्कशन, म्हणजे डोक्याला मुका मार, वरून काही दिसत नाही पण आत मेंदूला हिसका बसलेला. पोरगं झोपलं, मी फोनवर वाचत बसलो. वॉशिंग्टन राज्यात 2006 मध्ये 13 वर्षांच्या एका मुलाला असंच लागलं होतं, फुटबॉलमध्येच, थोडा वेळ बाहेर बसवून त्याच सामन्यात परत खेळवलं. सामना संपल्यावर तो मैदानातच कोसळला, मेंदूत रक्तस्राव, पुढे कित्येक महिने बोलता येईना. त्याच्याच नावाने 2009 मध्ये तिथे कायदा झाला, मग एकेक करत सगळ्या राज्यांनी केले. आपल्या टेक्सासमध्ये 2011 मध्ये झाला, एका सॉकर खेळणाऱ्या मुलीच्या नावाने. कन्कशनचा संशय आला की पोराला बाहेर काढायचं, आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. हे सगळं लिहिलेल्या शाळेच्या फॉर्मवर सीझनच्या सुरुवातीला माझीच सही आहे, न वाचता केलेली. म्हणजे मी तुमच्याकडे रेलिंगवरून काय मागत होतो बघा.

आणि तुम्ही तेव्हा हे सगळं मला ऐकवू शकला असता. नंतरही. आजपर्यंत एकदाही तुम्ही त्या रात्रीचा विषय माझ्यासमोर काढलेला नाही.

सामना संपल्यावर तुम्ही पोरांना लाइनीत उभं केलंत, सगळ्यांशी हात मिळवायला लावले, रेफरींकडे जाऊन पण हात मिळवलात, आणि मग त्या दहावीतल्या पोराला शोधत गेलात. ते बँडच्या ट्रेलरमागे जाऊन रडत होतं म्हणे. सगळ्या टीमला तुम्ही सांगितलंत की दुसऱ्या स्नॅपरची प्रॅक्टिस पुरेशी घेतली नाही ती चूक माझी, बाकी कोणी त्यावर बोलायचं नाही. बूस्टर क्लबच्या ग्रुपवर त्या रात्री काय काय लिहिलं गेलं ते मी वाचलंय कोच, तुमच्या नावासकट. मी त्यात काही लिहिलं नाही. तुमच्या बाजूनेही काही लिहिलं नाही, हे पण कबूल करतो.

खरं तर मला आधीच कळायला पाहिजे होतं तुम्ही कसे आहात ते. ऑगस्टमध्ये कॅफेटेरियात पालकांची मीटिंग घेतलीत, मला वाटलं वेळापत्रक आणि फीचं बोलाल, तुम्ही ग्रेपवाइन गावची गोष्ट सांगत बसलात. नोव्हेंबर 2008, तिथल्या फेथ नावाच्या शाळेचा सामना गेन्सव्हिल स्टेट स्कूलशी होता, ती बालगुन्हेगारांना ठेवतात ती शाळा, पोरं पहाऱ्यात बसने यायची, संपूर्ण सीझनमध्ये एकही सामना जिंकलेली नाहीत, चौदाच खेळाडू, त्यांच्या बाजूला बसायला कोणी नाही. फेथच्या कोचने आपल्याच पालकांना ईमेल केला की तुमच्यातले निम्मे लोक त्या रात्री समोरच्या टीमच्या बाजूला बसा, त्या पोरांची नावं घेऊन ओरडा. आणि लोक बसले की हो! त्यांच्यासाठी 40 यार्ड लांब रांग केली, पोरं मधून पळत आली. सामना फेथनेच जिंकला, 33-14. मी तेव्हा मागच्या रांगेत बसून ऑफिसचे मेल बघत होतो, मनात म्हटलं, हा कोच जरा साधू दिसतोय, जिंकणार कसा.

आणि सप्टेंबरमध्ये तो सामना, हाफटाइमलाच आपण 42-0, तुम्ही तिसऱ्या फळीची पोरं उतरवलीत, समोरच्या कोचशी बोलून घड्याळ न थांबवता चालू ठेवलंत, शेवटी तर चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकायला लावलात, म्हणजे पुढे न पळता नुसता वेळ जाऊ द्यायचा. मी कुरकुरलो होतो, पोरांचे व्हिडिओ कॉलेजला पाठवायचे असतात ना. तेव्हा शेजारचे एक गोरे आजोबा म्हणाले, 2013 ला फोर्ट वर्थजवळ अलेडोच्या शाळेने 91-0 ने सामना जिंकला आणि हरलेल्या बाजूच्या एका पालकाने कोचवर बुलिंगची तक्रार ठोकली, माहितीये का. चौकशीत काही निघालं नाही, त्या कोचनेही राखीव पोरं उतरवलीच होती, तरी स्कोअर वाढतच गेला. म्हणजे सभ्यपणे जिंकायचं म्हटलं तरी ते सोपं नाहीच, त्यालाही प्रॅक्टिस लागते, हे मला त्या आजोबांमुळे पहिल्यांदा कळलं.

चिरंजीवांना डॉक्टरांनी परत खेळायची परवानगी द्यायला साडेतीन आठवडे लागले. पहिले काही दिवस फोन बंद, टीव्ही बंद, घरात नुसती धुसफूस. मग प्रॅक्टिसला नुसतं जाऊन उभं राहायची परवानगी मिळाली तसं तुम्ही त्याला त्या दहावीतल्या पोराच्या मागे लावून दिलंत. एकदा त्याला न्यायला मी लवकर पोचलो, गाडीतच बसून राहिलो. अंधार पडायला आला होता, मैदानावर दोघंच. बारकं पोरगं ओणवं होऊन चेंडू फेकतंय, आमचा त्याच्या शेजारी उकिडवा बसून त्याच्या मनगटाला हात लावून काहीतरी दाखवतोय. चेंडू वर गेला की दोघं हसायचे, मग एकजण पळत जाऊन आणायचा. तुम्ही लांब, शेडपाशी वॉटर जग धूत होतात. हाक मारावीशी वाटली, मारली नाही.

त्यानंतर दिवाळीला बायकोने तुमच्यासाठी बेसनाचे लाडू पाठवले होते, स्टीलच्या डब्यातून. आठवड्याने चिरंजीवांनी डबा परत आणला, तर आत तुमच्या अंगणातल्या झाडाचे पिकान, आपल्या अक्रोडासारखे असतात ते, भरलेले, सोलून, साफ करून. कोच, आमच्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, मी पोराला विचारून खात्री केली. बायकोने ते पिकान घालून पुढचे लाडू केलेत, डबा उद्या परत पाठवतोय.