पेटी मी बरी होण्यासाठी वाजवत नाही

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत ज्येष्ठांसाठी जे लेख येतात ते मी नेमाने वाचते, पण त्यात छंद म्हटला की लगेच मेंदू, स्मृतिभ्रंश, बीपी हेच सुरू होतं, जणू चित्र काढणं, कविता करणं, विणकाम म्हणजे जेवणानंतर घ्यायच्या गोळ्याच. मी ६७ वर्षांची आहे, गोळ्या ऑलरेडी चार चालू आहेत. मला पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवायला आवडते आणि मी ती वाईट वाजवते, एवढंच सांगायला हे पत्र.

पेटी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते गेल्यावर वीस वर्षं माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेली पडून होती, दोन वर्षांपूर्वी घराला रंग काढला तेव्हा खाली आली. भात्याला झुरळांनी भोकं पाडलेली. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितली नि म्हणाला, काकू, आतले सूर, म्हणजे वाजणाऱ्या पितळी पट्ट्या, जर्मन आहेत, कुणी कितीही देऊ दे, विकू नका. मग माझ्याकडून साडेचार हजार घेतले ते वेगळं.

अण्णांनी पेटी शिकवली भावाला, मला नाही, मुलगी गाते तेवढं पुरे असं त्यांचं. भावाने सहा महिन्यांत सोडली, आणि मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत ऐकायचे. "आपल्या वाद्याला रेडिओवर बंदी आहे" हे अण्णा अशा थाटात सांगायचे की वॉरंट जणू त्यांच्याच नावाने निघालंय! बंदी खरीच होती बरं का, १९४० पासून. पेटीत मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, उडीच मारावी लागते, हे एक मोठं कारण. १९७१ च्या सुमारास ती सैल झाली तेव्हा अण्णांनी पेढे आणले होते, आणि स्वतः वाजवायचे कुठे, तर गल्लीतल्या गुरुवारच्या भजनात.

पट्ट्या पुसताना बघितलं तर काळी दोनचा, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीचा, रंग पार उडालेला, तिच्या शेजारच्या पांढरी दोनची कड झिजलेली आणि काळी एक नुसती पुसट. मग हळूहळू ट्यूब पेटली. तरुणपणी अण्णा काळी दोनमधे गायचे, म्हणजे तिलाच सा धरून, पन्नाशीनंतर आवाज उतरला तशी पांढरी दोन, शेवटी शेवटी आणखी खाली काळी एक. मी कॉलेजात काळी चारमधे गायचे, आता वर गेलं की आवाज फाटतो, तर उतरत उतरत मी येऊन थांबलेय काळी दोनवर, जिथून अण्णा सुरू झाले होते तिथे. हे नातवाला व्हिडिओ कॉलवर एवढं रंगवून सांगितलं तर म्हणतो, आज्जी, मग कीबोर्ड घे ना, त्यात ट्रान्सपोजचं बटन असतं.

सध्या भूप राग चालू आहे, त्यात पाचच सूर म्हणून धाडस केलं. मधलं बोट संधिवाताने वाकत नाही त्यामुळे गंधार, म्हणजे ग, नेहमी उशिरा पोचतो. खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या की विचारतात, "झाला का आजचा रियाज?", आणि झाला म्हटलं की त्यांचा चेहरा खुलतो. आमच्याच बिल्डिंगमधले एक काका रिटायर झाल्यापासून फक्त गणपती काढतात, सगळे गणपती थोडे तिरळे, प्रत्येकाच्या घरी एकेक आहे, कुणी काढून ठेवत नाही. पुरवणीत एकदा अशांबद्दलही छापा की, ज्यांचं वर्षानुवर्षं काही सुधारत नाही आणि तरी ते रोज बसतात.

जाता जाता एक काम. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली, एक पट्टी दाबली की वर येतच नाही, भाता थांबेपर्यंत तो सूर भोकाड पसरतो. अण्णा पेटीत कसलीशी पुरचुंडी ठेवायचे, कापूर होता की अजून काही, ते विचारायचं राहून गेलं. कुणा वाचकाला माहीत असेल तर कृपया याच सदरात कळवावं, आमच्याकडे पाऊस अजून दोन महिने आहे.

– एक वाचक, सातारा