झांग्येच्या लाओशींना अनावृत आभारपत्र

आदरणीय लाओशी,

सप्रेम नमस्कार.

केंद्रातले सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारायचे. लाओशी, म्हणजे आमच्याकडच्या बाई. मीही तेच संबोधन ठेवते. पत्र मराठीत लिहून सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते अभ्यासकेंद्रांवर शिकवणाऱ्या माझ्या इथल्या समंत्रक मित्रमैत्रिणींनाही कळावं असं फार मनापासून वाटतं. चिनी मजकूर तुम्हाला वेगळा पाठवते आहेच.

मी तेव्हा चीनमधल्या गान्सू प्रांताच्या राजधानीत, लान्झौला, भाषा-चाचणी या विषयात संशोधन करत होते. दूरशिक्षणाने शिकणाऱ्या चिनी प्रौढांना इंग्रजी उतारा कितपत समजतो, आणि परीक्षेतल्या गुणांवरून ते कितपत ओळखता येतं, हा माझा प्रश्न. विद्यापीठात बसून त्याचं उत्तर मिळायचं नाही असं मार्गदर्शकांनी सांगितलं आणि त्यांनीच मला त्याच प्रांतातल्या झांग्ये शहरी, तुमच्या अभ्यासकेंद्राकडे धाडलं. ओळख ना पाळख, तरी तुम्ही रविवारच्या वर्गात मला मागच्या बाकावर जागा दिलीत. त्याबद्दलचे आभार मी तेव्हाच मानले होते. त्यानंतर तुम्ही जे केलंत त्याचे राहिले आहेत.

इथल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत चीनमधल्या एका अख्ख्या पिढीचं शिक्षण हुकलं. अशा लोकांपर्यंत पोचायला १९७९ साली मध्यवर्ती रेडिओ आणि दूरचित्रवाणी विद्यापीठ सुरू झालं. २०१२ मध्ये त्याचं मुक्त विद्यापीठ झालं. मधल्या काळात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीला, चिंगह्वा, झेजियांग अशा चार विद्यापीठांना इंटरनेटवरून शिकवण्याची परवानगी मिळाली आणि बघता बघता अशा संस्था साठीच्या पुढे गेल्या. एवढ्या साऱ्यांच्या पदव्यांना एक समान पाया असावा म्हणून २००५ पासून काही मूलभूत विषयांची देशभर एकच परीक्षा घेतली जाऊ लागली. इंग्रजी त्यातला एक विषय. पेपर नव्वद मिनिटांचा, संगणकावर सोडवायचा. पदवीचं बाकी सगळं पार पडलं तरी हा पेपर निघेपर्यंत पदवी हातात पडत नसे. नाव नोंदवताना ज्यांनी चाळिशी पूर्ण केली आहे त्यांना इंग्रजीतून सूट होती, आणि अल्पसंख्याक समाजांच्या वस्तीच्या भागातल्या त्या समाजाच्या विद्यार्थ्यांनाही. बाकी सगळ्यांना तो द्यावाच लागे.

तुमच्या वर्गात त्यामुळे कोण कोण यायचं! बालवाडीच्या शिक्षिका, बँकेच्या खिडकीवरचे कारकून, रेल्वेचे कामगार, मक्याच्या बियाण्याच्या कंपन्यांतली माणसं, खेड्यातल्या दवाखान्यातल्या परिचारिका. आठवडाभर नोकरी, घरी मूल, आणि रविवारी इंग्रजी. त्यातल्या बऱ्याच जणांनी शाळा सोडल्यापासून इंग्रजीचं पान उघडलेलं नव्हतं. हातात शब्दांची जाड पुस्तकं असायची, वर्णक्रमाने लावलेली. पहिलं पान 'अबॅन्डन' या शब्दाने सुरू व्हायचं आणि तेवढं पहिलं पान सगळ्यांना तोंडपाठ असायचं.

त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट असायची, पर्याय निवडायच्या युक्त्या. 'तीन लांब, एक आखूड, तर आखूड निवडा. तीन आखूड, एक लांब, तर लांब निवडा', हे चीनभर शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. 'नेव्हर' किंवा 'ऑल' असलेलं विधान चुकीचंच धरा. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा आणि त्याच ओळीतलं उत्तर उचला. चूक की बरोबर असा प्रश्न असेल तर डोळे मिटून उत्तर दिलं तरी निम्मे गुण. या युक्त्यांबद्दल तुम्ही कधी कुणाला बोल लावला नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. दिवसभर राबून आलेल्या माणसाला पदवी हवी आहे आणि मध्ये हा पेपर उभा आहे. तो हाताला लागेल ते हत्यार उचलणारच, असं तुमचं म्हणणं होतं. पण युक्तीने मिळालेला गुण आणि वाचून मिळालेला गुण वेगळा कसा ओळखायचा, हे तुम्हाला माझ्याइतकंच हवं होतं. खरं तर माझ्याहून जास्त. मला प्रबंध लिहायचा होता, तुम्हाला त्याच माणसांना पुढच्या रविवारी शिकवायचं होतं.

मग तुम्ही तो प्रयोग केलात. सरावसंचात संकरित मक्यावरचा एक उतारा होता. तुम्ही उतारा काढून घेतलात आणि वर्गाला नुसते प्रश्न दिलेत. झांग्ये म्हणजे मक्याच्या बियाण्याचं माहेर. मादी ओळींतले तुरे परागकण सुटायच्या आत खुडावे लागतात, नाहीतर बियाणं बिघडतं, हे तिथल्या शेतावर राबलेल्या प्रत्येकाला ठाऊक. बियाण्याच्या कंपनीतल्या मंडळींनी उताऱ्याचा एक शब्दही न पाहता जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर दिली. कागद माझ्याकडे सरकवत तुम्ही म्हणालात, "हे गुण मक्याचे आहेत."

माझ्या टिपणवहीत तोवर या गोष्टीला लांबलचक पारिभाषिक नाव होतं. ती दिसली तुमच्या वर्गात. त्यानंतर आपण दोघींनी मिळून जुन्या संचातला प्रत्येक उतारा तसाच तपासला. उतारा न वाचता सुटणारा प्रश्न बाद. एका पर्यायाची लांबी उरलेल्यांपेक्षा डोळ्यांत भरण्याइतकी वेगळी असेल तर तो पुन्हा लिहायचा. उलट बाजूही तुम्हीच दाखवलीत. भुयारी रेल्वेत गाडी कशी बदलावी यावरचा एक उतारा होता. शब्द सोपे, वाक्यं आखूड, तरी अर्धा वर्ग गोंधळला. त्या काळी अख्ख्या गान्सू प्रांतात भुयारी रेल्वे नव्हती. लान्झौची पहिली मार्गिका २०१९ साली धावली. एका स्थानकात दोन मार्गिका वर-खाली असतात हे चित्रच ज्यांच्या डोळ्यांपुढे नाही, त्यांचं तिथे इंग्रजी कच्चं ठरत होतं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने शहराबाहेर पाऊल टाकायला हवं, हे मी तेव्हापासून प्रत्येक कार्यशाळेत सांगते.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले ती पुढची. गुण आणि समज यांचा मेळ बसेना, तेव्हा तुम्ही अगदी सहज म्हणालात: त्यांनाच विचारू या, आणि त्यांच्या भाषेत विचारू या. उतारा इंग्रजीत वाचायचा, पालथा घालायचा आणि जे कळलं ते चिनीत सांगायचं. घाई नाही, चुकीला दंड नाही. एकेकाला बाजूच्या खोलीत बसवून तुम्ही ऐकत होतात, मी ध्वनिमुद्रण करत होते.

त्या खोलीत मी जे ऐकलं ते कोणत्याही तक्त्यात आलं नसतं. खेड्यातल्या दवाखान्यातली एक परिचारिका औषधाच्या माहितीपत्रकावरच्या प्रश्नांत सपशेल पडली होती. चिनीत सांगताना मात्र तिने मात्रा, वेळ, दुधाबरोबर का घ्यायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, सगळं क्रमाने सांगितलं. तिला उतारा कळला होता. अडली होती ती पर्यायांच्या इंग्रजीत, कारण ते उताऱ्यापेक्षा अवघड होतं. आणि ज्याचे गुण सगळ्यांत वर, त्या तरुणाने दुसरीच गोष्ट सांगितली. उताऱ्यातलं वाक्य होतं: 'द मॅन हू सोल्ड द हाउस टु माय अंकल इज अ डॉक्टर.' त्याच्या सांगण्यात काका डॉक्टर झाले होते. तो एकटाच नव्हता. चिनीत विशेषण कितीही लांबलं तरी नामाच्या आधी येतं. आपणही 'माझ्या काकांना घर विकणारा माणूस' असंच म्हणतो. इंग्रजी तो सगळा पसारा नामाच्या मागे टाकते. मग क्रियापदाच्या लगतचं नाम हाच कर्ता, असं वाचणाऱ्याचा डोळा ठरवून टाकतो आणि 'अंकल इज अ डॉक्टर' हातात येतं. डॉक्टर कोण, हा प्रश्न पेपरात विचारलाच नव्हता, म्हणून गुण शाबूत राहिले आणि गैरसमजही शाबूत राहिला.

पुढच्याच रविवारी तुम्ही फळ्यावर तसल्याच वाक्यांची रांग लावलीत. युक्त्यांच्या पुस्तकाला हात न लावता दोन तास फक्त हेच: कोण, कुणाला, काय. त्या वर्गाची आठवण आली की आजही शिकवायला हुरूप येतो.

ध्वनिमुद्रित केलेलं उतरवून काढणं हे खरं कष्टाचं काम, आणि त्यात तुमचा वाटा कुणाला दिसला नाही. बरेचजण तिथल्या बोलीत बोलत. मला प्रमाण चिनी समजायची. ती बोली कानावरून जायची. शाळा सुटल्यावर, घरचं आवरून, तुम्ही टेप पुन्हा पुन्हा ऐकून शब्द न् शब्द लिहून दिलात. मग उताऱ्यातल्या कल्पनांचे लहान लहान तुकडे पाडून कुणाच्या सांगण्यात कोणता तुकडा आला हे आपण दोघींनी वेगवेगळं तपासलं, एकमेकींचे कागद न बघता. जिथे जुळलं नाही तिथे तुम्ही एकदाही 'जाऊ दे' म्हणाला नाहीत. सांगणाऱ्याच्या एका 'बहुतेक'वरून आपण वाद घातला आहे. माझ्या प्रबंधात विश्वासार्ह असं जे काही आहे ते या वादांतून आलेलं आहे. त्यासाठी तुम्हाला कुणी मानधन दिलं नाही, आणि विनंती करूनही तुम्ही प्रबंधात नाव घालू दिलं नाहीत.

न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला लावायची कल्पनाही तुमचीच. दुसऱ्याच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, असं हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासात आहे. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. तुमच्या वर्गातल्या कागदांवर ओळीओळीला रेघा होत्या. अशा उताऱ्याने वाचन मोजता येत नाही, अंदाज बांधायची ताकद फार तर कळते. आपण उतारे सोपे केले, तेव्हा काहींना ती सवलत वाटली. मला तसं अजिबात वाटत नाही. वाचायला जमेल असं काही पुढ्यात ठेवल्याशिवाय कोण कसं वाचतं हे दिसणार कसं?

आणि ती युगुर या अल्पसंख्याक समाजातली बाई. त्या समाजाची वस्ती असलेल्या सूनानहून यायची, म्हणून तिला इंग्रजीच्या पेपरातून सूट होती. तरी एकही रविवार चुकवायची नाही. तिने ना युक्त्या पाठ केल्या होत्या ना सरावसंच विकत घेतला होता, आणि तिचं चिनीतलं सांगणं सगळ्यांत भरलेलं असायचं. तिला वाचायचं होतं म्हणून ती वाचत होती. तुम्ही तिला इतरांइतकाच वेळ देत होतात, केंद्राच्या निकालात तिचा काडीचा उपयोग नसताना.

मी आता नाशिकजवळ काम करते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथे आहे आणि त्याच्या अभ्यासकेंद्रांवर येणारी माणसं तुमच्या रविवारच्या वर्गाची सख्खी भावंडं शोभतील: अंगणवाडी सेविका, एसटीचे वाहक, पोलीस शिपाई. संपर्कसत्रात मी त्यांना इंग्रजी उतारा वाचून मराठीत सांगायला लावते. कुणी वऱ्हाडीत सांगतं, कुणी अहिराणीत. काका इथेही डॉक्टर होतात. आणि वर्षानुवर्षं 'मला इंग्रजी येत नाही' म्हणणारी एखादी सेविका लसीकरणाच्या सूचनेतलं सगळं बरोबर सांगते, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

लाखोंची परीक्षा अशी एकेकाला खोलीत बसवून घेता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण सुरुवातीच्या पातळीवर प्रश्न आणि पर्याय तरी शिकणाऱ्याच्या भाषेत छापावेत, चिनी माणसाला चिनीत आणि मराठी माणसाला मराठीत, हे मी जिथे संधी मिळेल तिथे मांडते. उतारा इंग्रजीत आहे तेवढं इंग्रजी पुरे. लोक विचारतात हे कुठे शिकलात, तेव्हा मी तुमच्या गावाचं नाव सांगते.

लाओशी, तुमचे मनापासून आभार. वाचणाऱ्याला काय कळलं हे त्याच्याच तोंडून ऐकायला तुम्ही मला शिकवलंत. तुमचा वेळ, तुमचे कान आणि तुमच्या विद्यार्थ्यांचा तुमच्यावरचा विश्वास, हे तिन्ही तुम्ही मला वापरू दिलंत.

सोबत सहा नवे उतारे पाठवते आहे. द्राक्षबागेवरच्या दुसऱ्या उताऱ्याबद्दल मला शंका आहे. आमच्याकडे तो वाचण्याआधीच सुटतो. तुमच्या रविवारच्या वर्गाला आधी नुसते प्रश्न द्या आणि काय होतं ते कळवा.

तुमची,
नाशिकची विद्यार्थिनी