आमच्या पोरांना संवाद द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम जोहार.

मी जव्हार तालुक्यातला वारली, पेशाने शिक्षक. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका मालिकेचं चित्रीकरण झालं. पाड्यावरची पोरं हौसेने गेली. त्यांच्या अंगाला काळा रंग फासला, गळ्यात हाडांच्या माळा घातल्या, आरोळ्या ठोकत नाचायला लावलं. हाडांच्या माळा आमच्यात कुणी घालत नाही. म्होरक्याचं काम मुंबईहून आलेल्या नटाने केलं. माझ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला एक वाक्यही आलं नाही.

हीच पोरं बोहाडा या आमच्या उत्सवात मुखवटे चढवून सांबळाच्या तालावर रात्र-रात्र सोंगं नाचवतात.

म्हणून मला ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड गुलपिलिल वारंवार आठवतात. योलंगू या तिथल्या आदिवासी समाजातला हा नर्तक १९७१ साली किशोरवयातच पडद्यावर आला आणि पुढे देशभर नावाजला. ते नाव त्याने आपल्या माणसांसाठी वापरलं. रॉल्फ डी हीर या दिग्दर्शकाला त्याने एक जुना फोटो दाखवला. १९३०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांनी तो काढला होता: दलदलीत झाडाच्या सालीच्या होड्या आणि त्यांत उभी दहा माणसं. त्यातून २००६ मध्ये ‘टेन कनूज’ हा चित्रपट उभा राहिला. निवेदन गुलपिलिल यांचं, भूमिका रामिंगिनिंग या योलंगू गावाच्या परिसरातल्या लोकांच्या, संवाद त्यांच्याच भाषांत. चित्रपटासाठी तशा होड्या पुन्हा हाताने बांधल्या गेल्या. कान महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं: तिथल्या तरुणांना व्हिडिओ बनवायला शिकवणारा उपक्रम त्याला जोडून सुरू झाला. एका नटामुळे अख्ख्या गावाच्या हाती कॅमेरा आला.

साहेब, २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आम्ही आदिवासी एक कोटीहून अधिक आहोत. आपली चित्रनगरी १९७७ पासून गोरेगावात उभी आहे, आरेतल्या वारली पाड्यांच्या शेजारी. त्या पाड्यांवरच्या मुलामुलींना तिथे अभिनय, ध्वनी, संकलन मोफत शिकवता येईल. जागा सरकारची आहे, शिकवणारे रोज तिथे येतात.

आणि अनुदानाचं बघा. आदिवासी जीवनावरचा चित्रपट सरकारकडे पैसे मागायला आला, की निर्मात्याला विचारा: संवाद असलेल्या किती भूमिका आदिवासी कलाकारांना दिल्या? बोली कुणाकडून तपासून घेतली? चित्रीकरण झालेल्या गावात मागे काय ठेवलं? या उत्तरांवर अनुदान ठरू द्या. गुलपिलिलसारखा नट आमच्यातून निघेलही, पण त्याआधी कुणीतरी त्याला एक वाक्य बोलू दिलं पाहिजे.

उन्हाळ्यात बोहाड्याला जव्हार-मोखाड्याकडे या. सोबत दोन-चार दिग्दर्शक आणा. ऑडिशन तिथेच घेऊ, मशालींच्या उजेडात.

आपला,
एक वारली शिक्षक